मुस्लिम स्त्रीचा हक्क : ग्रंथात आहे, हातात का नाही?

समान नागरी संहितेचा विषय निघाला की गोव्याचे नाव निघतेच. उत्तराखंडात अशी संहिता २७ जानेवारी २०२५ पासून अमलात आली, गुजरातने त्याच वर्षी या विषयावर समिती नेमली, आणि दोन्ही वेळी गोव्याचा दाखला पुढे आला. सर्वोच्च न्यायालयानेही १३ सप्टेंबर २०१९ च्या एका निकालपत्रात गोव्याचे उदाहरण गौरवाने दिले होते. या साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी, उघडपणे वा आडून, मुस्लिम स्त्री असते. तिच्या स्थितीबद्दल दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. एका पक्षाच्या मते इस्लामने तिला चौदा शतकांपूर्वीच सारे हक्क बहाल केले आहेत, त्यामुळे आता काही मागण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते तिच्या दुःखाचे मूळच धर्मग्रंथात आहे. ही दोन्ही उत्तरे ग्रंथ न उघडताच देता येतात, म्हणूनच ती इतकी लोकप्रिय असावीत.

ग्रंथ उघडून पाहिले, आणि त्याचबरोबर गेल्या पावणेदोनशे वर्षांतील न्यायालयांचे निकाल शेजारी ठेवले, तर चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. कुराणाने स्त्रीला काही हक्क निःसंदिग्ध शब्दांत दिले. त्यांतील कित्येक हक्क रूढीने गिळले, काही धर्मशास्त्रींच्या अर्थनिर्णयात हरवले, काही सरकारी कायद्यानेच वगळले. आणि काही बाबतींत खुद्द ग्रंथातील वचनेही आजच्या समतेच्या कल्पनेपुढे कसोटीला लागतात. या चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

उहूदच्या विधवेची तक्रार

कुराणाच्या चौथ्या सूरेचे नावच 'अन्-निसा' म्हणजे 'स्त्रिया' असे आहे. तिच्या सातव्या आयतीत आईवडील व आप्तांच्या मागे राहिलेल्या संपत्तीत, ती थोडी असो वा पुष्कळ, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही ठरलेला वाटा आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. पुढील आयतींत या वाट्यांचे अपूर्णांक दिले आहेत.

या आयतींच्या पार्श्वभूमीविषयी हदीस-ग्रंथांत एक प्रसंग नोंदलेला आहे. इसवी सन ६२५ मध्ये मदिनेजवळ उहूदची लढाई झाली. तीत साद इब्न रबी हे पैगंबरांचे अनुयायी मारले गेले. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुली राहिल्या. अरबांच्या तत्कालीन रूढीनुसार सादच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. त्या विधवेने दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरांकडे दाद मागितली. त्यानंतर वारसाहक्काची आयत अवतरली आणि निवाडा झाला : दोन तृतीयांश मुलींना, एक अष्टमांश विधवेला आणि उरलेले भावाला. ज्या समाजात शस्त्र धरणाऱ्यालाच वारसा मिळे, तेथे हा बदल लहान नव्हता.

मेहेरचेही तसेच. लग्नात वराने द्यावयाची ही रक्कम वधूच्या बापाची नव्हे, वधूची स्वतःची, असे चौथ्या आयतीचे सांगणे आहे. पत्नीला ढीगभर संपत्ती दिली असली तरी विभक्त होताना ती परत घेऊ नये, असे विसावी आयत बजावते. स्त्रीने कमावलेले तिचेच, हे तत्त्वही याच सूरेत येते. विवाहानंतर स्त्रीची मालमत्ता पतीची होत नाही, ही कल्पना इंग्लंडच्या कायद्यात पूर्णपणे उतरायला १८८२ साल उजाडावे लागले, हे येथे ध्यानात घ्यायला हवे.

मुंबई, १८४७ : कुराण मागणाऱ्या मुली

ग्रंथात असलेला हक्क हातात का पडत नाही, याचे उत्तर मुंबईच्या एका जुन्या खटल्यात सापडते. १८४७ मध्ये खोजा आणि मेमण या व्यापारी समाजांतील काही मुलींनी मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात वडिलांच्या मालमत्तेतील आपला वाटा मागितला. त्यांचे म्हणणे साधे होते : आम्ही मुसलमान आहोत, कुराणात मुलीचा हिस्सा सांगितला आहे, तो आम्हाला द्या. घरातील पुरुषांचे उत्तरही तितकेच सरळ होते : आमच्यात तशी पद्धत नाही, मुलीला लग्नापर्यंत पोसायचे आणि लग्नाचा खर्च करायचा, एवढाच तिचा अधिकार.

सर एर्स्किन पेरी यांनी रूढीच्या बाजूने कौल दिला. मुली हरल्या. हा खटला विधी महाविद्यालयांत रूढीचे बळ समजावण्यासाठी शिकवला जातो. त्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. येथे स्त्रिया धर्मग्रंथ पुढे करीत होत्या आणि पुरुष त्याला नकार देत होते. आज चर्चेत जी बाजू धर्माची आणि जी स्त्रीची मानली जाते, त्या दोन्ही तेव्हा एकत्र उभ्या होत्या.

पुढे १९३७ मध्ये शरियत कायदा झाला. रूढीमुळे मुस्लिम स्त्रियांचे नुकसान होते, ही स्त्री-संघटनांची तक्रार त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच नमूद होती. मात्र कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळण्यात आली. ज्या देशात संपत्ती म्हणजे मुख्यतः जमीन, तेथे जमीनच बाजूला ठेवून मुलीला वाटा देणे म्हणजे ताट वाढून त्यातला भात काढून घेण्यासारखे होते. पुढे दक्षिणेतील काही राज्यांनी ही उणीव दूर केली. सर्वत्र तसे झाले नाही.

आणि जेथे कायदा आडवा येत नाही, तेथे हक्कसोडपत्र येते. वडील वारल्यावर बहिणीने भावासाठी सही करायची आणि माहेरचा उंबरठा राखायचा, ही रीत धर्म पाहून चालत नाही. हिंदू घरातील मुलीला २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत समान हिस्सा मिळाला, तरी तिच्यापुढे तेच स्टॅम्पपेपर ठेवले जातात.

तलाक : ग्रंथाची चाल आणि पुरुषाची घाई

विवाहविच्छेदाच्या बाबतीत ग्रंथ आणि व्यवहार यांतील अंतर सर्वांत ठळक आहे. कुराणात तलाकची चाल संथ आहे. आधी दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमावा. तलाक दिल्यास इद्दतचा काळ मोजावा, त्या काळात पत्नीला घराबाहेर काढू नये. दोन न्यायी साक्षीदार ठेवावेत. दोनदा तलाक देऊनही परत येण्याची वाट खुली आहे. त्यानंतर मात्र चांगुलपणाने नांदवावे किंवा चांगुलपणाने सोडावे. एका दमात तीनदा उच्चारून संसार मोडण्याची रीत यात कोठेही बसत नाही. तिला परंपरेतही 'तलाक-ए-बिद्दत' म्हणजे नवी व अनिष्ट पद्धत म्हटले गेले. पैगंबरांच्या काळात असे तीन उच्चार एकच मानले जात आणि दुसरे खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत ते तीन धरले जाऊ लागले, अशी नोंद हदीसमध्ये आहे. अनिष्ट पण वैध, असा चमत्कारिक निर्णय पुढे बहुसंख्य शास्त्रींनी कायम ठेवला. इजिप्तने १९२९ मध्ये कायद्याने तो बदलला, पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकमाने तलाकची लेखी सूचना आणि ९० दिवसांची मुदत आवश्यक केली. भारतात हे व्हायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडला.

त्यापूर्वी कोणी आवाज उठवला नव्हता असे नाही. कोकणातल्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. सातच स्त्रिया होत्या म्हणून तेव्हा थट्टा झाली. न्यायालयाने त्यांतील पहिली मागणी मान्य करायला एक्कावन्न वर्षे लागली.

स्त्रीने स्वतःहून विवाह सोडण्याचा मार्ग, म्हणजे खुला, कुराणाच्या दुसऱ्या सूरेत आहे. पैगंबरांनी एका स्त्रीला, पतीने मेहेर म्हणून दिलेली बाग परत करून, विवाहातून मोकळे केल्याचा दाखलाही आहे. तरीही हनफी परंपरेत पतीच्या संमतीची अट इतकी घट्ट बसली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीस पंजाबात काही स्त्रिया नको असलेल्या विवाहातून सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या परंपरानिष्ठ विद्वानांनी मालिकी पंथाचे नियम उसने घ्यायला मान्यता दिली आणि त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे पोटगी न देणे, क्रूरता अशा कारणांवर स्त्रीला न्यायालयात जाता येऊ लागले. शास्त्र बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनी आणि शास्त्र बदलूच शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हा कायदा पुन्हा वाचायला हवा. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये खुलाचा स्त्रीचा अधिकार पतीच्या मर्जीवर अवलंबून नसल्याचे म्हटले, ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

इंदूरची वृद्धा

पोटगीचा प्रश्न इंदूरच्या शाहबानो यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. १९३२ मध्ये त्यांचे लग्न झाले, पाच मुले झाली, आणि ४३ वर्षांच्या संसारानंतर १९७५ मध्ये वकील पतीने त्यांना घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी दरमहा ५०० रुपयांच्या पोटगीसाठी अर्ज केला, तेव्हा त्या ६२ वर्षांच्या होत्या. नोव्हेंबरात पतीने तलाक दिला आणि ३,००० रुपये मेहेर भरून आपली जबाबदारी संपल्याचे सांगितले. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या पैशांसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

२३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने पोटगी कायम केली. निकालात कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील २४१ व्या आयतीचा आधार घेतला होता. तीत तलाक दिलेल्या स्त्रियांसाठी रीतसर तरतूद करणे हे कर्तव्य सांगितले आहे. वाद पेटला तो येथे. न्यायालयाने धर्मग्रंथाचा अर्थ लावावा काय, हा आक्षेप पुढे आला आणि वृद्ध बाईचा महिन्याचा खर्च मागे पडला. संसदेने १९८६ मध्ये नवा कायदा केला. इद्दतच्या सुमारे तीन महिन्यांपुरतीच पतीची जबाबदारी, असा त्याचा अर्थ सर्वांनी गृहीत धरला. २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच मजकूर नीट वाचला : तरतूद इद्दतच्या आत करायची आहे, पण ती साऱ्या पुढील आयुष्यासाठी वाजवी असायला हवी. १० जुलै २०२४ रोजी तेलंगणातील एका प्रकरणात, १०,००० रुपयांच्या अंतरिम पोटगीवरून, न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वांसाठी असलेल्या फौजदारी प्रक्रियेतील पोटगीचे कलमही खुले आहे. इंदूरपासून हैदराबादपर्यंतचा हा प्रवास ४६ वर्षांचा ठरला.

कुराणाच्या अठ्ठावन्नाव्या सूरेचे नाव 'अल्-मुजादिला' आहे. अर्थ, वाद घालणारी स्त्री. खौला नावाच्या स्त्रीच्या पतीने तिला आईसमान ठरवून टाकून दिले होते. जुन्या अरब रूढीत अशी बाई धड पत्नी नसे, धड मोकळीही नसे. तिने पैगंबरांपुढे तक्रार मांडली, हट्टाने पुन्हा मांडली, आणि ईश्वराने तिचे ऐकले अशा अर्थाने त्या सूरेची सुरुवात होते. शाहबानो यांच्या बाबतीत मात्र ऐकणाऱ्यांपेक्षा बोलणारेच अधिक होते. त्यांच्यावर एवढा दबाव आला की त्यांनी मिळालेला निकालच जाहीरपणे नाकारला.

अवघड आयती

येथपर्यंतचे विवेचन वाचून दोष केवळ रूढीचा आणि पुरुषांचा, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा ठरेल. मुलाला दोन मुलींइतका वाटा, हे ग्रंथातच आहे. कर्जाच्या दस्तऐवजाला एका पुरुषाच्या जागी दोन स्त्रिया साक्षीदार, हेही ग्रंथातच आहे. चौथ्या सूरेच्या चौतिसाव्या आयतीत पुरुषांना स्त्रियांचे पालक वा अधिष्ठाते म्हटले असून अवज्ञा करणाऱ्या पत्नीला शिक्षा करण्याचा उल्लेख आहे.

या आयतींबाबत मुस्लिम अभ्यासकांतच खोल मतभेद आहेत. मुंबईचे असगर अली इंजिनियर यांनी संदर्भाने बांधलेली वचने आणि सार्वकालिक मूल्ये यांत भेद करावा, अशी मांडणी केली. अमेरिकेतील अमिना वदूद यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात स्त्रीच्या दृष्टीने कुराणाचे वाचन मांडले. मुलाच्या दुप्पट वाट्यामागे बहिणीच्या, आईच्या पोषणाची जबाबदारी होती; जबाबदारी गेली आणि वाटा तेवढा उरला, असेही म्हटले जाते. दुसरीकडे बहुसंख्य उलेमांच्या मते वाट्यांचे अपूर्णांक इतके स्पष्ट आहेत की त्यांत अर्थ लावण्याला जागाच नाही. मुस्लिम देशांनीही वेगवेगळ्या वाटा धरल्या. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद केले. सर्व पत्नींशी समान न्याय करणे पुरुषाला जमणार नाही असे कुराणच सांगते, हा त्यामागचा युक्तिवाद होता. त्याच ट्युनिशियात २०१८ मध्ये वारशातील समान वाट्याचे विधेयक आले आणि अडकले. बहुपत्नीत्वाचा प्रश्न अर्थनिर्णयाने सुटला. वारशाचा त्याने सुटला नाही. अशा ठिकाणी नागरी कायद्याला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते.

गोव्यातील हिशेब

गोव्यातील मुस्लिम स्त्रीची कायदेशीर स्थिती याच कारणाने वेगळी आहे. येथे १९३७ चा शरियत कायदा लागू नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली आणि मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने ती कायम राहिली. वारशाचा भाग आता २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्यात आला असून तो २०१६ च्या अखेरीस अमलात आला. विवाहाची नागरी नोंदणी सक्तीची, तोंडी तलाक नाही, मुस्लिम पुरुषाला दुसरी बायको नाही, मुलगा-मुलगी समान वारस, आणि वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. एका कुटुंबात ९६ लाखांची मालमत्ता आहे, पती वारला, मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. सासूसासरे हयात नाहीत, मृत्युपत्र नाही, कर्ज नाही. मालमत्ता पतीच्या नावावर असेल तर सुन्नी वारसा-नियमांनुसार पत्नीला १२ लाख, मुलाला ५६ आणि मुलीला २८ लाख मिळतात. गोव्याच्या सामाईक मालमत्तेच्या नियमाने पत्नीचे ४८ लाख आधीच तिचे असतात. उरलेल्या ४८ लाखांचे मुलगा व मुलगी यांत २४-२४ होतात. मुलीला येथे वडिलांकडून चार लाख कमीच मिळाले. पण आईच्या पश्चात तिचा वाटाही समान विभागला तर मुलीकडे एकूण ४८ लाख जातात. दुसऱ्या पद्धतीत ते ३२ होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मधल्या वीस-पंचवीस वर्षांत विधवा मुलाच्या मर्जीवर न जगता स्वतःच्या घरात मालकीण म्हणून जगते.

गोव्याचा कायदा निर्दोष नाही. मूळ संहितेत सामाईक मालमत्तेचा कारभार पतीकडे होता. हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा देणारी १८८० ची तरतूद पोर्तुगिजांनीच केली होती. ज्या पत्नीकडे स्वतःची मोठी संपत्ती आहे, तिच्यासाठी कुराणातील स्वतंत्र मालकीचे तत्त्व अधिक फायद्याचे ठरू शकते. तिला लग्नापूर्वीच वेगळा करार करावा लागतो. तरीही मुक्तीनंतर शरियत कायदा गोव्यालाही लागू करा अशी मागणी झाली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत गोव्यातील मुस्लिम स्त्रिया होत्या. आपल्या हातात काय आहे, हे त्या ओळखून होत्या.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. २०१९ च्या निकालपत्रातील गौरवाचे शब्द ज्या मुस्लिम पुरुषांच्या विवाहाची नोंद गोव्यात झाली आहे, त्यांच्यापुरते आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत मुस्लिम ८.३३ टक्के होते आणि त्यांत शेजारच्या राज्यांतून आलेली अनेक कुटुंबे आहेत. ज्या स्त्रीचा निकाह बेळगाव, हुबळीकडे झाला, तिला हा कायदा आपोआप लागू होत नाही. आणि गोव्यातही केवळ निकाह झाला पण सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात सह्या झाल्या नाहीत, तर संहितेचे संरक्षण तिच्यापर्यंत पोचत नाही. रस्त्याच्या एका बाजूच्या घरातील स्त्री निम्म्याची मालकीण आणि समोरच्या घरातील स्त्री एका अष्टमांशाची वारसदार, अशी स्थिती एकाच वाड्यात संभवते.

समान संहितेवरील वाद दिल्लीत व्हायचा तेव्हा होईल. गोव्यात आज करता येण्यासारखे काम त्याहून साधे आहे : प्रत्येक निकाहाची नागरी नोंद होईल हे पाहणे आणि हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणीला तिचा वाटा आकड्यात सांगणे. करार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही शिकवण कुराणात आहेच. कर्जाच्या दस्तऐवजाविषयीची आयत ही त्या ग्रंथातील सर्वांत दीर्घ आयत आहे. त्यामुळे नोंदणीला धर्माच्या नावाने विरोध करण्यास जागा उरत नाही. खोजा-मेमण मुली हरल्या, त्या वचन नव्हते म्हणून नव्हे. वचनामागे उभा राहणारा कायदा नव्हता म्हणून. गोव्यात तो कायदा दीडशे वर्षांपासून आहे. नोंदवहीत नाव नसलेल्या स्त्रीला मात्र त्याचा अजूनही काही उपयोग नाही.